प्रस्तावना: तापलेला प्रोसेसर, चुकलेला गुणाकार

विंडोजवरचा एखादा प्रोग्रॅम कोसळला की ‘अहवाल पाठवायचा का?’ असं विचारणारी चौकट पूर्वी हमखास समोर यायची. बहुतेक लोक ती न वाचताच बंद करायचे. जे पाठवायचे, त्यांच्या अहवालांचं पुढे काय होतं याचा एक किस्सा मायक्रोसॉफ्टमधले जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी २००५ साली लिहिला आहे. त्यांच्या एका सहकाऱ्यापुढे काही अहवाल असे आले की डोकंच चालेना. प्रोग्रॅम जिथे कोसळला होता, तिथली आज्ञा एवढंच सांगत होती: प्रोसेसरच्या आतल्या एका रजिस्टरमधला आकडा शून्य कर. ही आज्ञा मेमरीतून काही वाचत नाही, तिथे काही लिहीत नाही, भागाकार करत नाही. चुकण्यासारखं तिच्यात काही नाहीच. तरी ती चुकली होती, आणि एकाच ठिकाणी नव्हे. शेवटी अहवाल पाठवणाऱ्यांनाच विचारलं गेलं, की तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला आहे का? काही जण हो म्हणाले. काहींनी साफ नाकारलं. पण नाकारणाऱ्यांतल्या काहींचे कॉम्प्युटरही ओव्हरक्लॉक केलेलेच निघाले. छोट्या दुकानांनी विकतानाच वेग वाढवून दिला होता आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता.

प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवण्याच्या या खेळातली खरी अडचण इथे दिसते. बिघाड स्वतःच्या नावाने येत नाही. तो एखाद्या गेमच्या नावाने येतो, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरच्या नावाने येतो, न उघडणाऱ्या झिप फाइलच्या रूपाने येतो, कधी कारण न सांगता येणाऱ्या निळ्या स्क्रीनच्या रूपाने येतो. कॉम्प्युटर दुकानात नेला तर ‘फॉरमॅट मारून बघू’ हे उत्तर ठरलेलं. फॉरमॅट होतो, दोन दिवस बरे जातात, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या पुस्तकाचा विषय आहे तो ओव्हरक्लॉक केलेल्या डेस्कटॉपच्या दोन तक्रारी: प्रोसेसर फार तापतो आणि कॉम्प्युटर स्थिर राहत नाही. या दोन्ही एकाच दुखण्याची दोन नावं आहेत असं हौशी मंडळी धरून चालतात, आणि तिथेच वेळ व पैसा वाया जातो. कॉम्प्युटर बंद पडला की मोठा कूलर आणला जातो. तापमान पंधरा अंशांनी उतरतं. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडतो. उष्णता आणि अस्थिरता एकमेकींना हात देतात हे खरं, पण त्यांची कारणं वेगळी, लक्षणं वेगळी आणि इलाजही वेगळे. आजचा प्रोसेसर तापला तर तसं सांगतो. गणित चुकलं तर बहुतेक वेळा सांगत नाही.

हा खेळ एके काळी जवळजवळ फुकटात होता. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए बाजारात आणला. नावाप्रमाणे वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डचा बस वेग ६६ मेगाहर्ट्झ आणि प्रोसेसरचा गुणक ४.५, त्यांचा गुणाकार म्हणजे ३००. गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला होता, पण बसचा वेग ६६ वरून १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर पळायला लागे. अबिटच्या बीएच-६ सारख्या मदरबोर्डवर तर त्यासाठी जंपरही हलवावे लागत नसत. बायोसच्या मेनूत आकडा बदलला की झालं. त्याच सुमारास आलेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-टू किमतीत कित्येक पट महाग होता. सेलेरॉनवरची कॅश छोटी होती, फक्त १२८ किलोबाइट, पण ती प्रोसेसरच्याच वेगाने चालायची. पेंटियम-टूची ५१२ किलोबाइटची कॅश निम्म्या वेगाने. त्यामुळे अनेक कामांत स्वस्त प्रोसेसर महागाच्या बरोबरीला येई. एका पिढीला ओव्हरक्लॉकिंगची गोडी लागली ती इथे, आणि ‘वेग वाढवणं म्हणजे फुकटची कमाई’ हा गैरसमजही इथेच रुजला.

फुकट का होतं? कारण सिलिकॉनमध्ये त्या काळी भरपूर वाव शिल्लक असायचा. कंपनी प्रत्येक चिप शेवटच्या टोकापर्यंत तपासून विकत नव्हती. मागणी स्वस्त मॉडेलला असली तर सरस चिपही स्वस्ताच्या नावाने विकली जायची. तो वाव नंतर संपत गेला. २००४ च्या ऑक्टोबरात इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-फोरचा बेत रद्द केला, तेव्हा कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली होती. थट्टेचा भाग सोडला तरी कबुली खरी होती: वेग नुसता वाढवत नेणं आता उष्णतेमुळे परवडत नाही.

त्यामागचं गणित शाळकरी मुलालाही जमेल इतकं सोपं आहे. प्रोसेसरची कामापोटी खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, एक प्रोसेसर १.२५ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झने चालतो आणि त्याला ५.२ वर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागतात. वेग वाढला चार टक्के. व्होल्टेज वाढलं आठ टक्के, त्याचा वर्ग साडेसोळा टक्क्यांच्या घरात. दोन्हींचा गुणाकार केला की वीज वाढली एकवीस टक्के, आणि ती सगळी उष्णता होऊन नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढायची. वर गळतीचा हिशेब वेगळाच. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो, आणि चिप जितकी गरम तितका तो जास्त. म्हणजे उष्णतेने गळती वाढते आणि गळतीने उष्णता.

पूर्वी याचा शेवट धुरात व्हायचा. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक व्हिडिओ दाखवला होता. चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलायचा आणि काय होतं ते बघायचं. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून क्षणात धूर निघाला. पेंटियम-थ्री जागच्या जागी गोठला. पेंटियम-फोर मात्र हळू झाला, गेम रखडत चालू राहिला आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पूर्ववत पळू लागला. आज सगळेच प्रोसेसर पेंटियम-फोरच्या वळणावर गेले आहेत. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचलं की प्रोसेसर आपणहून वेग आणि व्होल्टेज खाली आणतो. एवढ्यानेही भागलं नाही तर यंत्र बंद होतं. त्यामुळे ‘प्रोसेसर तापला’ याचं आजचं पहिलं लक्षण मंदावणं हे आहे. ओव्हरक्लॉक करून चाचणीचे गुण कमी आले, तर बहुधा हेच घडलेलं असतं.

नुसत्या आकड्याला घाबरण्यात मात्र अर्थ नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर २०२२ मध्ये आले, तेव्हा पूर्ण भारावर ते ९५ अंशांवर जाऊन बसतात हे पाहून लोक हादरले. कंपनीचं म्हणणं असं, की त्यांची रचनाच तशी आहे: थंडाव्याला जागा असेपर्यंत वेग वाढवायचा आणि ९५ वर टेकायचं. अशा प्रोसेसरला भारी कूलर लावला तर तापमान फारसं उतरत नाही, वेग थोडा वाढतो. जुन्या सवयीने फक्त थर्मामीटर बघणाऱ्याला वाटतं, कूलरचे पैसे बुडाले.

उष्णतेचा माग काढायचा तर तिची वाट माहीत हवी. सिलिकॉनमधून ती वरच्या धातूच्या झाकणात जाते, झाकणातून थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळात, तिथून पाइपांतल्या वाफेत किंवा नळीतल्या द्रवात, मग पंख्याच्या हवेत, कॅबिनेटमध्ये आणि शेवटी खोलीत. अडथळा कुठेही असू शकतो, आणि तो कुठे आहे हे तापमान किती आहे यापेक्षा ते किती वेळात चढलं यावरून जास्त कळतं. भार टाकल्याबरोबर, सेकंदाभरात काटा मर्यादेला भिडला तर दोष प्रोसेसरच्या अगदी जवळ आहे: पेस्ट नीट पसरली नाही, कूलर तिरका बसला, एका कोपऱ्यातला स्क्रू सैल राहिला, किंवा कूलरच्या तळावरचं पातळ प्लॅस्टिक काढायचंच राहून गेलं. हसू येईल, पण हे शेवटचं कारण नवख्यांमध्ये सतत सापडतं. याउलट पहिली दोन मिनिटं सगळं ठीक आणि मग पंधरा-वीस मिनिटांत पायरी-पायरीने चढण, तर दोष दूरचा: रेडिएटरमध्ये धूळ, उलटा बसवलेला पंखा, कॅबिनेटमध्ये कोंडलेली हवा. द्रवाच्या कूलरला गरम व्हायलाच वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीवर त्याचा निकाल देता येत नाही. आणि त्याचा पंप बंद असेल तर पंखे फिरत असूनही प्रोसेसर लगेच भाजतो. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या नेमक्या जागी लावली आहे का, आणि तिथे तिला पूर्ण व्होल्टेज मिळतंय का, हे आधी पाहायचं.

काही वेळा अडथळा ग्राहकाच्या हाताबाहेर, झाकणाच्या आत असतो. २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीत इंटेलने सिलिकॉन आणि झाकण यांच्यामधलं सोल्डर काढून तिथे पेस्ट भरली. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना तापमान अचानक चढलेलं दिसलं. मग धीट मंडळींनी ब्लेडने झाकण कापून काढायला सुरुवात केली, आतली पेस्ट बदलली, झाकणाखालचा गोंदाचा थर खरवडला आणि तापमान दहा अंशांहून जास्त उतरवून दाखवलं. पुढे या कामासाठी खास साचे विकायला आले. इंटेल सोल्डरकडे परतलं ते २०१८ च्या कोअर आय-९ ९९००के सारख्या प्रोसेसरांत. २०२१ मध्ये नवीच गोष्ट उपटली. बाराव्या पिढीचे प्रोसेसर चौकोनी राहिले नाहीत, लांबट झाले, आणि सॉकेटची कडी त्यांना मधोमध दाबते म्हणून झाकण किंचित वाकतं. वाकलेल्या झाकणावर कूलरचा सपाट तळ नीट टेकत नाही. इंटेलने सांगितलं की यामुळे प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेबाहेर चालल्याच्या तक्रारी नाहीत. ते खरं असेलही; पण कडीऐवजी बसवायच्या धातूच्या चौकटी काही कंपन्यांनी विकायला काढल्या आणि त्यांनी अनेकांचे काही अंश वाचले.

वाटेचा शेवट खोलीत होतो, हे परदेशी मार्गदर्शिका वाचताना विसरलं जातं. त्यांतले आकडे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांमधला फरक कमी करतो. मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बिनएसीच्या खोलीत चाळीस अंश सहज असतात. जानेवारीत ७८ अंशांवर सुखाने चाललेलं सेटिंग तिथे मर्यादेला टेकतं, आणि त्यात कूलरचा किंवा पेस्टचा काही गुन्हा नसतो. डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटकडे वळवणं हा उपाय कोणी करू नये; त्या हवेत ओल असते आणि कधी तुषारही. विदर्भातल्या वाचकाने सेटिंग ठरवायचं ते उन्हाळ्यात, आणि मुंबई-कोकणातल्याने पंख्यांच्या जाळ्या दिवाळीची वाट न बघता साफ करायच्या.

आता दुसरी तक्रार, जी जास्त गुंतागुंतीची आहे.

५ गिगाहर्ट्झ म्हणजे एका टिकटिकीला २०० पिकोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशही निर्वातात सहा सेंटिमीटरच जातो. तेवढ्यात विजेचा संकेत ट्रान्झिस्टरांची एक अख्खी रांग ओलांडून पुढच्या टप्प्यावर पोचलेला हवा. पोचला नाही तर पुढचा टप्पा जुनाच आकडा उचलतो आणि हिशेब पुढे चालू राहतो. कुठेही घंटा वाजत नाही. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतात, संकेत वेळेत पोचतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंगला व्होल्टेज लागतं. चिप गरम झाली की याच व्होल्टेजवर संकेत रेंगाळतो. म्हणून उष्णता अस्थिरतेला हातभार लावते. नातं एवढंच. उष्णता नसतानाही उशीर होऊ शकतो, याचा पुरावा विक्रमवीरांकडे आहे. उणे २६९ अंशांचा द्रव हीलियम ओतून त्यांनी २०२२ च्या अखेरीस ९ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली. इतक्या थंडीतही वेगाला हद्द आहेच, आणि काही प्रोसेसर तर फार गार झाल्यामुळेच चालायचे थांबतात.

त्यामुळे निदानाची पहिली कसोटी साधी ठेवता येते. व्होल्टेजला हात न लावता वेग फक्त शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरवायचा. तापमान जेमतेम हललं, पण चुका थांबल्या, तर दुखणं वेळेचं होतं. नवा कूलर आणून ते मुळातून गेलं नसतं. उलट चुका नाहीत, निळी स्क्रीन नाही, फक्त तापमान मर्यादेला आणि वेग घसरलेला, तर व्होल्टेजशी खेळत बसू नये, थंडाव्याकडे पाहावं.

चुका शोधायच्या कशा, याचं सर्वांत जुनं साधन शुद्ध गणितातून आलं आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा सामूहिक प्रकल्प सुरू केला. त्याचा प्रोग्रॅम म्हणजे प्राइम९५. एका संख्येची तपासणी दिवसेंदिवस चालते आणि वाटेत एक अंक चुकला तरी सगळं फुकट. म्हणून प्रोग्रॅम स्वतःलाच तपासत राहतो. त्याचे अवाढव्य गुणाकार दशांशांत होतात आणि शेवटी पूर्णांकात बसवले जातात. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवं. ते दोन पूर्णांकांच्या मधोमध लोंबकळायला लागलं, की प्रोसेसर चुकला असं समजून प्रोग्रॅम थांबतो. हौशी मंडळींनी ही तपासणी उचलली आणि ‘टॉर्चर टेस्ट’ घराघरांत पोचली. या चाचणीची धार किती, हे इंटेललाही कळलं: जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने मान्य केलं की स्कायलेक प्रोसेसर अशा जड गणितात गोठतात. प्राइम९५ चालवणाऱ्यांनी १,४९,४२,२०९ हा घातांक देऊन ते घडवून दाखवलं होतं. तिथे ओव्हरक्लॉकिंगचा काही संबंध नव्हता. दोष चिपमध्येच होता आणि तो बायोस बदलून झाकावा लागला.

पण सारी रात्र प्राइम९५ चालला म्हणजे यंत्र स्थिर, हे जुनं प्रमाणपत्र आता चालत नाही. ‘रात्रभर चाचणी पास, आणि सकाळी नुसतं बातम्यांचं पान वाचताना बंद पडला’ ही आजची नेहमीची तक्रार आहे. ऐकणाऱ्याला ती खोटी वाटते. कारण मात्र सरळ आहे. सगळ्या कोअरवर भार असतो तेव्हा आधुनिक प्रोसेसर वेग खाली ठेवतो. हलक्या कामात एकटा कोअर सगळ्यांत वरच्या वेगावर उडी मारतो, आणि रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने प्रत्येक कोअरचं व्होल्टेज उणे तीस पायऱ्यांपर्यंत खेचलेलं असेल तर नेमका तोच क्षण काठावरचा असतो. म्हणून एकेका कोअरला पाळीपाळीने, हलक्या आणि बदलत्या भाराखाली तपासावं लागतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया’ (WHEA) नावाने पडणाऱ्या नोंदी इथे उपयोगी पडतात, कारण त्यांत बहुधा कोणता कोअर अडखळला याचा माग असतो. कॉम्प्युटर बंद पडण्याच्या कितीतरी आधीपासून, दुरुस्त झालेल्या चुकांच्या नोंदी तिथे साचत असतात आणि कोणी त्या उघडून पाहत नाही.

व्होल्टेजचा आकडाही दिसतो तसा नसतो. इमारतीत एकदम चार जणांनी नळ सोडले की दाब पडतो, तसं भार आला की प्रोसेसरचं व्होल्टेज खाली येतं. हे ठरवूनच तसं केलेलं असतं, कारण भार अचानक सुटला की ते उसळी मारतं आणि त्या उसळीला जागा लागते. मदरबोर्डवरचं ‘लोड-लाइन कॅलिब्रेशन’ ही घसरण भरून काढतं. उत्साही माणूस ते सर्वांत कडक पायरीवर ठेवतो, कारण स्क्रीनवर व्होल्टेज सरळ रेषेत दिसतं आणि छान वाटतं. स्क्रीनवरचा प्रोग्रॅम सेकंदाला एक-दोनदा मोजतो. उसळ्या त्याहून हजारो पट झटपट येऊन जातात. कडक पायरी हा बहुतेक वेळा खोटा दिलासा असतो, मधली बरी.

चुकीचं गणित निमूटपणे होऊ शकतं, याचा सर्वांत अस्वस्थ करणारा दाखला ओव्हरक्लॉकिंगच्या बाहेरून आला. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्रात्स आणि ल्यूव्हन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ हा हल्ला जाहीर केला. इंटेल प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून अगदी थोडं, बेताने कमी केलं, की कॉम्प्युटर नीट चालू राहतो आणि एखादा गुणाकार मात्र चुकतो. त्या एका चुकीतून त्यांनी सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या काढून दाखवल्या. इंटेलने व्होल्टेजची ती दारं बंद करण्याची सोय केली. अनेक लॅपटॉपवर व्होल्टेज उतरवणं तेव्हापासून थांबलं. ओव्हरक्लॉक करणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढं: काठावरच्या यंत्रात पहिलं जातं ते जड गणित, डेस्कटॉप नव्हे. माऊस हलतोय, गाणं चालू आहे, आणि बॅकअपची फाइल बिघडलेली आहे, हे शक्य आहे.

ज्याने आयुष्यात बायोस उघडला नाही, त्यालाही हा विषय २०२३-२४ मध्ये घरी येऊन भेटला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम सुरू होताना कोसळू लागले. संदेश यायचा: ग्राफिक्सची मेमरी संपली. चोवीस गिगाबाइटच्या कार्डावर मेमरी संपली! लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. प्रत्यक्षात गेमच्या दाबून ठेवलेल्या फाइली उलगडताना प्रोसेसर चुकत होता आणि दोष शेजाऱ्यावर जात होता. फाइली उलगडणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने ग्राहकांना गुणक ५५ वरून ५३ वर आणून पाहायला सांगितलं. अनेकांचे गेम चालू झाले. सुरुवातीला बोट मदरबोर्ड कंपन्यांकडे गेलं, कारण त्यांनी विजेच्या मर्यादा मूळ सेटिंगमध्येच मोकळ्या सोडल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की प्रोसेसरचा मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरपर्यंत खुलासा पुरा झाला: जास्त व्होल्टेज आणि तापमानाखाली कोअरमधला टिकटिकी पोचवणारा परिपथ झिजतो. ऑगस्टच्या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी छाटली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

एएमडीचं घरही काचेचंच होतं. २०२३ च्या वसंतात काही रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्ये फुगून जळाले. मेमरीची एक्स्पो प्रोफाइल चालू केली की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने त्याला १.३ व्होल्टची हद्द घातली. मेमरी जाहिरातीतल्या वेगाने चालवणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे त्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदा कळलं. म्हणूनच प्रोसेसरवर संशय घेण्याआधी ती प्रोफाइल बंद करून पाहायची असते.

झीज ही नवी गोष्ट नाही. प्रवाहाच्या रेट्याने तारांमधले धातूचे अणू सरकतात, आणि प्रवाह व तापमान वाढलं की तारेचं आयुष्य कसं घटतं, याचं सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलं होतं. २००२ च्या नॉर्थवूड पेंटियम-फोरना १.७ व्होल्टच्या वर चालवणाऱ्यांनी ते स्वतःच्या खर्चाने पडताळून पाहिलं. काही महिन्यांत प्रोसेसर अचानक मरायचे, आणि हौशी मंडळींनी त्या मरणाला नावही दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी स्थिर असलेलं सेटिंग आज डळमळत असेल, तर धूळ झटकूनही फरक पडला नाही की झिजेचा विचार करायचा. व्होल्टेज आणखी वाढवून तात्पुरतं भागतं. झीजही त्याच वेगाने वाढते.

मग आज हे करावं का? सेलेरॉनने पन्नास टक्के दिले होते. कोअर आय-९ १४९००के दुकानातूनच एका कोअरवर ६ गिगाहर्ट्झ घेऊन येतो. घरच्या कूलरवर त्यातून वर काढता येतात ते थोडके टक्के, आणि वीज व उष्णता त्याच्या कितीतरी पट. या पुस्तकाचा कल लपवलेला नाही: बहुतेकांसाठी आज व्होल्टेज थोडं उतरवणं किंवा विजेची मर्यादा घालणं हे वेग वाढवण्यापेक्षा शहाणपणाचं आहे. फक्त एवढं, की व्होल्टेज उतरवण्यालाही वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या लागतात. काठ दोन्ही बाजूंनी सारखाच. ज्यांना निव्वळ मजेसाठी, आकडा वर चढताना पाहण्यासाठी हे करायचं आहे, त्यांना अडवायचं कारण नाही. बँकेची आणि लग्नाच्या फोटोंची फाइल त्या यंत्रावर नसावी.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेली यंत्रं जास्त कोसळतात, यात नवल नाही. मूळ वेगापेक्षा हळू चालवलेली यंत्रं कमी कोसळतात, हेही ओघाने आलं. लक्षात ठेवण्यासारखं निरीक्षण तिसरं होतं: हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेलं यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता न कोसळलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. ‘एकदाच झालं, परत नाही होणार’ या समजुतीला त्या आकड्यांत आधार नाही.

पहिल्या प्रकरणात म्हणूनच कोणतंही सेटिंग वाढवलेलं नाही. बायोस मूळ स्थितीला आणायचा, त्याची नवी आवृत्ती टाकायची, मेमरीची प्रोफाइल बंद करायची, खोलीचं तापमान कागदावर लिहायचं आणि मग तासभर भार टाकून तापमान, वेग व चुकांच्या नोंदी पाहायच्या. यंत्र इथेच चुकलं, तर पुढची प्रकरणं तूर्त मिटून ठेवावीत आणि प्रोसेसरचं बिल व वॉरंटीचा कागद शोधायला घ्यावा.